बाईसाहेबांची बंडी

"थांबा, थांबा! बाईसाहेब थांबल्या!" तो ओरडला, आणि टेकडीच्या वाटेवर पुढे गेलेली रविवारच्या फिरण्यातली मंडळी निमूट थांबली.

बाईसाहेब म्हणजे त्याची कोंबडी. तांबूस, गुबगुबीत, आणि तोरा असा की सगळी टेकडी तिच्याच नावावर असावी. अंगात निळी बंडी, बंडीच्या पाठीला कडी, कडीला दोरी आणि दोरीचं टोक ह्याच्या हातात. तिनं चोच उघडली होती, पंख अंगापासून सुटे धरले होते. म्हणजे तिला उकडत होतं. त्यानं तिच्यावर आपली सावली धरली, पाठीवरच्या पिशवीतून वाटी काढून पाणी ओतलं आणि शेजारी उकिडवा बसला. वर घार फिरत नाही ना, खाली कुत्रं दिसत नाही ना, तेही पाहून घेतलं.

"अहो, ओढा की जरा," गटातले पेन्शनर म्हणाले.

"ओढायचं नसतं. ओढलं की ती घाबरते, मग अजिबात चालत नाही. आपण तिच्या चालीनं चालायचं. दमली की बसू द्यायचं."

"तुमच्या धीराला मात्र मानलं!"

तो लाजला. पण मनातून त्याला फार बरं वाटलं. टेकडीवर त्याचं नाव झालं होतं ते ह्या धीरामुळेच.

बंडी आईनं शिवली होती. आईचा जन्म शिवणयंत्रावर गेला. बाजारातला पट्टा बाईसाहेबांना पंखाखाली काचायला लागला, तेव्हा तो कोंबडी घेऊन तिच्याकडेच गेला. "गळ्याखाली तिची दाण्यांची पिशवी असते, तिथं दाब नको," त्यानं बजावलं. आईनं बाईसाहेबांना मांडीवर घेतलं, टेप लावली, आणि बंडी अशी बसली की बाईसाहेब आरशापुढून हलेनात.

तेव्हापासून तो टेकडीवरून आला की आईची चौकशी सुरू व्हायची. आज कुठवर गेलात? वाटेत बाकडं आहे का? चढ फार आहे का रे? बूट काढता काढता तो उत्तरं द्यायचा. आईला कोंबडीचा लळा लागला, असं त्याला वाटे.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिला रोज बाहेर चालवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि एकदा त्यानं तिला नेलंही होतं. ती चार पावलं चालायची आणि कुणाच्या तरी फाटकाला धरून उभी राहायची. त्यानं घड्याळ पाहिलं. परत घड्याळ पाहिलं. शेवटी तिचा दंड धरून जरा पुढे ओढलं आणि म्हणाला, "आई, ह्या चालीनं आपण कोपऱ्यावर पोचेपर्यंत दुकानं बंद होतील." तिथूनच दोघं परत फिरली. पुढे "रविवारी बघू" असं ठरलं, आणि रविवार बाईसाहेबांकडे गेले. आई खिडकीत बसायला लागली. चालण्यासाठी आणलेले नवे बूट पलंगाखाली खोक्यातच राहिले.

ह्या आठवड्यात आईनं पुन्हा शिवणयंत्र उघडलं. निळं कापड उरलं होतं. दुपारी तो पाणी प्यायला उठला, तर ती मशीनवर वाकलेली, पुढ्यात भलामोठा रुंद पट्टा.

"बाईसाहेबांना दुसरी बंडी?"

"असू दे एक."

त्यानं पट्टा उचलून धरला आणि त्याला हसूच आलं. "अगं आई, ह्यात अख्खं खुराडं मावेल! माप चुकलं तुझं."

"माझं माप आजवर चुकलं नाही," आई म्हणाली आणि त्याच्या हातातून पट्टा काढून घेतला.

स्वयंपाकघरात जाऊन त्यानं बायकोला हळूच सांगितलं, "आईची नजर गेली बहुतेक. डोकंही चालेनासं झालंय." बायको चुकचुकली. दोघांनाही मनापासून वाईट वाटलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं, असंही दोघं म्हणाली. रविवारनंतर बघू.

रविवारी मोठी चढाई होती. त्यानं सकाळीच पाणी भरलं, दाणे घेतले, बाईसाहेब दमल्या तर त्यांना बसवायची जाळीची पिशवी पाठीला लावली. बाईसाहेबांना बंडी चढवली, कडी ओढून पाहिली आणि दोरी घ्यायला तो दाराशी आला.

दाराजवळच्या खुर्चीत आई बसली होती. पायात खोक्यातले नवे बूट. पातळावरून, काखेखालून गेलेला तो रुंद निळा पट्टा, टाचणीएवढाही कुठे सैल नाही, कुठे काचत नाही. पाठीवर कडी होती, कडीला दोरी होती. दोरीचं टोक तिनं मांडीवर नीट गुंडाळून ठेवलं होतं.

"आई, हे काय भलतंच!" तो कसाबसा म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

आईनं दोरीचं टोक उचललं आणि त्याच्यापुढे धरलं.

"धर. मी चार पावलांवर थांबते रे, पण आता तुला थांबायची सवय झालीय."