हलका हात

चिमट्याला जे लागून आलं ते चावीवाल्यानं तळहातावर घेतलं आणि मूठ मिटली. पितळी तारेचा तुकडा होता, तांदळाच्या दाण्याहून लहान. मोटारसायकलचं लॉक तिसऱ्यांदा का अडकलं, याचं उत्तर त्याच्या मुठीत होतं.

समोर गाडीमालकांचा मुलगा उभा होता. दोन महिन्यांत तिसरी खेप म्हटल्यावर माणूस चिडणारच. "काका, तुमच्याच्यानं होत नसेल तर तसं सांगा. बाबांचा जीव आहे या गाडीत. दुकान बंद केल्यापासून आमच्या पोरीला शाळेतून आणणं एवढंच राहिलंय त्यांना. शाळा माझ्या वाटेवरच आहे, पण मी आणतो म्हटलं तर ऐकत नाहीत."

शेजारचा झेरॉक्सवाला काम सोडून इकडे कान लावून होता. उद्या ही गोष्ट गल्लीभर होणार हे चावीवाल्याला ठाऊक होतं. तीस वर्षं या जिन्याखाली बसून त्यानं नाव कमावलं होतं. पहिल्या दोन्ही वेळी त्यानं लॉक सरळ पेट्रोलमध्ये धुतलं होतं. तार असलीच तर पेट्रोलबरोबर वाहून गेली असणार. आज ती हाती लागली होती. नुसती मूठ उघडायचा अवकाश, सगळा ठपका तिथल्या तिथे पुसला गेला असता.

पण त्याला दुसरंच काहीतरी खटकत होतं. लॉक बिघडवणारी माणसं त्यानं पुष्कळ पाहिली होती. ती काडी कोंबतात, डिंक ओततात, नाहीतर स्क्रू ड्रायव्हर घालून पिळतात. इथे आतल्या एकाही पत्तीवर ओरखडा नव्हता. तारेची दोन्ही टोकं घासून गोल केली होती. आत धुळीचा कण नव्हता आणि प्रत्येक पत्तीला पाण्यासारख्या पातळ तेलाचा एकेक थेंब दिलेला होता. ज्यानं कुणी हे लॉक बिघडवलं, त्यानं ते आधी साफ केलं होतं.

असलं तेल या गल्लीत एकाच माणसाकडे असायचं. चावीवाल्यानं हळूच स्टुलाकडे पाहिलं.

स्टुलावर घड्याळजी बसले होते. गाडी त्यांचीच. समोरच्या दुकानात चाळीस वर्षं त्यांनी डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली. बोलायला गोड माणूस, पण यंत्राबद्दल खोटं बोललेलं त्यांना खपत नसे. एकदा चावीवाल्यानं गिऱ्हाइकाला सहज म्हटलं, कुलूप रुसलंय तुमचं. तर घड्याळजी भिंग कपाळावर सरकवून रस्ता ओलांडून आले आणि चारचौघांत म्हणाले, "यंत्र रुसत नाही. बिघडतं. बिघाडाला कारण असतं, ते सांगावं." तेव्हा चावीवाला चांगलाच ओशाळला होता. पण पुन्हा तसं त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

मुलाचा फोन वाजला. बोलत बोलत तो कोपऱ्यापर्यंत गेला. चावीवाल्यानं घड्याळजींपुढे मूठ उघडली.

"तेल फार सुरेख दिलंय आत," तो म्हणाला.

घड्याळजींनी तारेकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"जवळचं अजून दिसतं," ते म्हणाले. "बाजूचं दिसत नाही. परवा वळणावर एक बाई अगदी चाकाशी येईपर्यंत दिसली नाही मला. नात मागे बसली होती." त्यांचा आवाज खाली गेला. "घरी सांगितलं की चावी जाईल. चावीचं काही नाही रे. पण मग जिना उतरताना हात धरतील, रस्ता ओलांडताना धरतील. म्हातारा झालो ते झालोच. लॉक बिघडलं म्हटलं की कुणी काही विचारत नाही. तुझं नाव खराब होतंय हे कळत होतं मला. तरी केलं."

चावीवाल्याचा राग तोंडापर्यंत आला आणि परत गेला. त्यानं तार खिशात टाकली. लॉक जोडलं, गाडीत बसवलं, चावी फिरवून पाहिली. बोट लावताच ती फिरली.

मुलगा परत आला. "झालं का काका?"

"झालं. पण चूक माझी होती." झेरॉक्सवाल्यालाही ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं चावीवाला बोलला. "पहिल्याच वेळी घासताना एक पत्ती जास्त गेली माझ्या हातून. पुढच्या दोन्ही वेळा त्याचाच त्रास झाला. या गाडीचं नवीन लॉक आता मिळत नाही, आणि हे हलक्या हाताला दाद देणार नाही. दांडगा हात लागेल. चावी तुमच्याकडे ठेवा, बाबांना मागे बसवा आणि पोरीला आणायला दोघं जा. फाटकातून आत मात्र त्यांनाच जाऊ द्या, ती त्यांचीच वाट बघत असेल."

झेरॉक्सवाला गालात हसला. चावीवाल्यानं तिकडे पाहिलं नाही.

मुलाला काही हे पटेना. चावी नुसती फिरवायची, तिला कसला आलाय हलका आणि दांडगा हात. त्यांच्या घरात यंत्राचं खरंखोटं विचारायचं ते एकाच माणसाला. तो वडिलांकडे वळला.

"बाबा, असं होतं का कधी?"

घड्याळजी उठले. गाडीची चावी काढून त्यांनी हातात घेतली. तिच्या दातांवरून एकदा अंगठा फिरवला. चावीवाला खाली मान घालून हत्यारं पुसत राहिला. पुसून झालेला चिमटा त्यानं पुन्हा पुसायला घेतला.

घड्याळजींनी चावी मुलाच्या हातावर ठेवली.

"होतं," ते म्हणाले. "मग हात बदलावा लागतो."