बदकाची चोच

महादेवी चहा टाकायला आत गेली, तसं साखराबाईनं तिचं कपाट उघडलं. खालच्या खणात पुस्तकांची पिशवी होती. तान्ह्या लेकरांसाठी आलेली, जाड पुठ्ठ्याची, पानावर एकच चित्र. गाय, केळं, बदक. महादेवीनं अजून प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं.

साखराबाईनं ती पिशवी उचलली आन् तिथं आपल्या अंगणवाडीची तसलीच पिशवी ठेवली.

“साखर किती टाकू?” आतून महादेवी.

“साखराबाईला साखर इचारायलीस व्हय? टाक की सैल हातानं.”

साखराबाईची अंगणवाडी देवळामागं, पत्र्याखाली. दुपारी पत्रा तापला की लेकरं पापडासारखी भाजायची. शेजारच्या वस्तीतली महादेवीची अंगणवाडीही तसलीच. दोघींत मिळून पक्की खोली मात्र एकच मंजूर झालेली. कुणाला द्यायची ते तालुक्याच्या सुपरवायझर मॅडम उद्या पुस्तकं-बिस्तकं बघून ठरवणार होत्या.

आन् साखराबाईची पुस्तकं म्हणजे काय सांगावं. रोज लेकरांच्या हातात, तोंडात, मातीत. गाईचं शिंग गेलेलं. बदकाची चोच तर लुंबिनीनं दात फुटताना खाऊनच टाकलेली. असली पुस्तकं बघून कोण खोली देतंय?

“पुस्तकं नीट हायत न्हवं तुझी?” चहा पिता पिता तिनं विचारलं.

“लेकरायचा हात लागू दिला न्हाई. उद्या पिशवीच ठेवते मॅडमच्या म्होरं.”

“लई जपणारी बाई तू,” साखराबाई म्हणाली आन् बशीआड तोंड लपवलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. साखराबाईनं प्लास्टिक काढून पुस्तकं सतरंजीवर मांडून ठेवली होती. लेकरं लांबूनच बघत बसली. मॅडमनी एक उघडलं. चिकटलेली पानं कर्रकन सुटली.

“वापरता का ही?”

“रोज, मॅडम. पण जिवापाड जपतो.”

मॅडमनी पुस्तक मिटलं. पत्र्याकडं बघितलं, लेकरांकडं बघितलं.

“मी आत्ता महादेवीताईंकडूनच आले,” त्या म्हणाल्या. “काय बाई आहे! पिशवी उघडली आणि तोंडातून शब्द फुटेना. इतकं काम करून इतकी लाजाळू.” त्यांनी पर्समधून एक पुस्तक काढलं. “साहेबांना दाखवायला मागून आणलं. लहान मुलांचं पुस्तक असं दिसायला पाहिजे, साखराबाई. खोली त्यांनाच देते.”

पुस्तकावर बदक होतं. चोच नव्हती.

साखराबाईनं हात पुढं केला आन् मागं घेतला. बोलावं तर चोरी उघडी पडते, गप बसावं तर लेकरं पत्र्याखाली.

तेवढ्यात कोपऱ्यातली लुंबिनी उठली. नव्या पुस्तकांवरून दुडुदुडु चालत आली, मॅडमच्या हातातलं बदक ओढून घेतलं आन् चोचीच्या जागी तोंड लावलं. खाचेत दात बरोबर बसले.