डहाळीपासून निघालेला माग

गोळी लागल्याची खूण म्हणून खोचलेल्या डहाळीजवळ रक्त होतं, पण जनावराचा केस एकही नव्हता. पावसाच्या सरीने वाहून गेले असतील, असं म्हणत ओझ्बेयने बिस्त्राच्या गळपट्ट्याला लांब दोरी बांधली. जखमी जनावराचा माग काढणारी तिच्यासारखी कुत्री कोचेव्येच्या जंगलात दुसरी नव्हती. आज मात्र ती रक्त हुंगून मागे सरली. म्हाताऱ्या ओझ्बेयने तिला दटावलं. शिकाऱ्याने डहाळी खोचली तिथून निघायचं, तो सांगेल ते जनावर मानायचं, उलटतपासणी करायची नाही, अशी इथली रीत.

गोळी झाडणाऱ्या वितोमिरने सांगितलं होतं, नर हरीण, समोरच्या कड्यावरून, सातशे मीटर. ऐकूनच ओझ्बेयच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या लांबून गोळी घालणं म्हणजे जनावराच्या जिवाशी जुगार. गेल्या हंगामात याच शहरी पाहुण्याने एका हरिणीचा जबडा उडवला, आणि ती उपाशी तडफडत असताना हा खुशाल घरी निघून गेला. वनरक्षक गाश्परने तक्रार केली. आता वितोमिरचा शिकारीचा परवाना जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गोळी पोटात लागली असेल तर जरा थांबू, जनावर बसेल, असं ओझ्बेयने सुचवलं. वितोमिर ऐकेना.

"थांबलो तर रस्त्यापर्यंत जाईल, काका. अर्धमेलं सोडून मला जायचं नाही."

ओझ्बेयला बरं वाटलं. गाश्परने काढलेली खरडपट्टी कामी आली म्हणायची.

माग सरळ उताराला लागला. ओल्या पाचोळ्यावर काळपट गुठळ्या, एका बीच झाडाच्या बुंध्यावर छातीएवढ्या उंचीला रक्ताचा फराटा. पुढे आतड्याचा तुकडा पडला होता. वितोमिरचा चेहरा पांढराफटक पडला, तरी पाय थांबले नाहीत. ओझ्बेयला त्याची दया आली. गाश्परला गाठून तक्रार मागे घ्यायला सांगायचं, असं त्याने मनाशी ठरवलंसुद्धा.

उन्मळलेल्या झाडामागे बिस्त्रा थांबली आणि केविलवाणी शेपूट हलवू लागली.

मुळांच्या खड्ड्यात गाश्पर पडला होता. दोन्ही हातांनी फाटलेलं पोट आवळून धरलेलं, दात रक्ताने लाल. ओझ्बेयकडे बघून त्याने ओठ हलवले. पळ, एवढंच कळलं.

मागे बंदुकीचा खटका वाजला.

"काका, आधी कुत्रीला सोडून द्या," वितोमिर शांतपणे म्हणाला. "मुक्या जनावराला उगाच कशाला."