शंभर अंश

नागेश देवकातेची प्रयोगवही सस्ते सरांनी चिमटीत धरून उचलली आणि इतर चाळीस वह्यांच्या चळतीपासून लांब, टेबलाच्या कडेला ठेवली. दहावीचा वर्ग सुखावला. फेब्रुवारी सत्त्याण्णव, सत्र संपायला तीन दिवस उरले होते, आणि ज्याच्या वहीवर विज्ञानाच्या शिक्षकांची सही नसेल त्याला बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नव्हते.

"पाण्याचा उत्कलनबिंदू किती लिहिलायस?"

"अठ्ठ्याण्णव अंश, सर."

"आणि या चाळीस जणांनी?"

"शंभर."

"म्हणजे बारामतीची चाळीस पोरं येडी, आणि पणदऱ्याचा एकटा शहाणा."

वर्ग हसला. सरांच्या कोणत्या वाक्यावर हसायचे, हे या शाळेत मुले पाचवीतच शिकत. पुढची पाच वर्षे केवळ सरावाची असत.

त्या चाळीस वह्या ऋषिराज काटेच्या वहीवरून उतरवलेल्या होत्या. ऋषिराजची वही त्याच्या थोरल्या भावाच्या वहीवरून, आणि भावाची कोणाच्या वहीवरून, हे आता कोणालाच सांगता आले नसते. उतरवताना वर्ष तेवढे बदलले जाई. त्यामुळे प्रयोगाची तारीख चाळीसही ठिकाणी सतरा नोव्हेंबर होती, आणि त्या साली सतरा नोव्हेंबरला रविवार होता. इतक्या मुलांनी सुट्टीच्या दिवशी कुलूपबंद प्रयोगशाळेत शिरून पाणी उकळावे आणि एकाचेही बोट भाजू नये, या ज्ञाननिष्ठेचे सरांना नवल वाटले नव्हते. चाळीसही वह्यांवर त्यांची लाल सही झाली होती.

नागेशने प्रयोग घरी केला होता. त्याचे चुलते गावच्या दूध डेअरीत कामाला होते; त्यांनी तिथली तापमापी एका दुपारपुरती आणून दिली होती. चुलीवर तीनदा पाणी उकळले होते, आणि तिन्ही वेळा पारा अठ्ठ्याण्णवला अडला होता.

"सर, पुस्तकात 'समुद्रसपाटीला शंभर' असं दिलंय," नागेश म्हणाला. "उंचावर कमी भरतं, ते बी दिलंय. आपण समुद्रापासनं साडेपाचशे मीटर वर हाय."

"समुद्र बघितलायस कधी?"

"न्हाय, सर."

"मग त्याची साक्ष कशाला काढतोस?"

पहिल्या बाकावरून ऋषिराज म्हणाला, "सर, डेअरीची तापमापी हाय ती. तिला पाणीबी दूधच वाटलं आसंल!"

या वेळी वर्गाला सरावाची गरज पडली नाही. चुलत्यांनी ती तापमापी धोतराच्या सोग्यात गुंडाळून, सायकल हातात धरून पायी आणली होती.

"मग शाळेची घ्या," नागेश म्हणाला. "हितंच उकळू."

सरांना नकार देता आला असता. पण वर्ग पाहत होता. शिपाई दत्तोबाने प्रयोगशाळेचे कुलूप उघडले. दिव्यातले स्पिरिट केव्हाच उडून गेले होते, म्हणून शिक्षकांच्या खोलीतला चहाचा स्टोव्ह आणला गेला. काचपात्रात पाणी ओतले, तापमापी स्टँडला अडकवली. एक्केचाळीस मुले टेबलाभोवती दाटली. शाळेच्या सहा वर्षांत त्यांनी पाहिलेला हा पहिलाच प्रयोग होता, आणि थोडा वेळ त्यांचे चेहरे खरोखर मुलांसारखे दिसू लागले.

पारा नव्वदच्या वर गेला. पंच्याण्णव. सत्त्याण्णव. पाणी खदखदू लागले, पात्राच्या कडेबाहेर थेंब उडू लागले, आणि पारा अठ्ठ्याण्णववर थांबला. थांबला तो हलेना.

"बिघडलीय," सर म्हणाले. "दुसरी आण."

दुसरीही तिथेच थांबली. तिसरी दत्तोबाने कंपनीचे कागदी सील फोडून काढली. ती तर इतक्या नेमकेपणाने तिथे थांबली की मागून कोणीतरी "आयला" म्हणाले.

"सर," दत्तोबा म्हणाला, "तिन्ही एकच बोलत्यात की."

"तुला विचारलंय? साहित्याच्या नोंदवहीत लिही. तापमापी, नग तीन, नादुरुस्त."

दत्तोबाने लिहिले.

"ऋषिराज, पुढं ये. वाच, किती?"

ऋषिराज वाकला. त्याने पुरेसा वेळ पाहिले. आकडा त्याला दिसला आहे, हे नागेशला त्याच्या मानेवरूनच कळले.

"शंभर, सर."

"बाकीचे?"

"शंभर!" वाफेपलीकडून एकोणचाळीस तोंडे एका आवाजात म्हणाली. सुरुवात कोणी केली हे कोणाला ओळखता आले नसते.

सरांनी लाल पेनाचे टोपण काढले. त्यांचा आवाज आता मवाळ, जवळजवळ प्रेमळ झाला होता. "देवकाते, खाडाखोड करू नको. ते पान काढून नवीन लिही. सही लगेच देतो."

नागेशने टेबलाभोवती पाहिले. एकाही मुलाने नजर चुकवली नाही. चुकवण्यासारखे काही घडले आहे, असे त्यांना वाटतच नव्हते. त्याने पान फाडले. नवे पान लिहायला चार मिनिटे लागली. सरांनी सही केली, तारीख घातली, पाठीवर थाप मारली. "हुशार आहेस. वळण तेवढं नव्हतं."

बाहेर व्हरांड्यात नववीची मुले वह्या मागायला उभी होती. एकाने नागेशची वही हातातून घेतली, उघडली, आणि त्याचा चेहरा उजळला.

"काय अक्षर हाय, दादा! आन् सहीबी ताजी. पुढल्या साली आमी हिच्यावरनंच उतरवतो. काय बदलायचं हाय का ह्यात?"

"काय न्हाय," नागेश म्हणाला. "पाणी तेवढं कदी उकळू नको."