अधू डोळ्याचं माप

१९७६च्या त्या सोमवारी ईरम्मा डबा घेऊन सात रस्त्याजवळच्या प्रयोगशाळेत लेकीकडे आली. चष्मा काढून तिने सूक्ष्मदर्शकाचं चाक आपल्या अधू डोळ्याला जमेल तसं फिरवलं आणि बशीत वाढवलेल्या उंदराच्या पेशी पाहिल्या.

“ह्याच इन्सुलिन करत्यात व्हय? मग माझ्या सुया कदी सुटनार गं, महादेवी?”

“लवकरच, अव्वा.”

गुरुवारी मधुमेहानेच ईरम्मा गेली.

महादेवी कामावर परतली, तेव्हा भिंगातून सगळं धूसर दिसलं. चाक अजून आईच्या डोळ्याच्या मापाला लावलेलं होतं. तिने ते नीट केलं. हात धुऊन येईतो पुन्हा धूसर.

तिने आतून कडी घातली, भिंग जुळवलं आणि हात मांडीवर ठेवून पाहत राहिली. पेशी अंधुक होत गेल्या. चाक एकटंच फिरत होतं.

“अव्वा,” ती मोठ्याने म्हणाली, “सुया सुटणं तुझ्या हयातीत होणार नव्हतं. मला ठाऊक होतं.”