मुरड

“अवं पोरी, तोंड उघडं राह्यलं न त्याचं,” मंदाबाई म्हणाल्या. “चुलीवर चढलं का सांडंल सारं.”

मीरा हसली. मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली बसून ती मोमो वळत होती. या घरात मटण स्वयंपाकघरात शिजत नसे. त्याची चूल वेगळी, शिजवायचा गंज वेगळा, पोळपाटही वेगळा. रविवारचा खिमा सासऱ्यांनी स्वतः आणला होता. त्यात तिने आलं, कांदा, कोबी बारीक चिरून घातली होती. मैद्याची पातळ पारी, मध्ये चमचाभर खिमा, कडा चिमटीने वर न्यायच्या आणि माथ्यावर छोटं भोक ठेवायचं. कालिम्पोंगला तिची आई असेच करायची. ती आई एसटीडीच्या फोनवर अजून तिला पेमा म्हणे. मीरा हे नाव लग्नात मिळालेलं, ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून.

“वाफ जायला पायजे न, आई.”

मंदाबाईंनी थोडा वेळ पाहिलं. मग हात धुऊन आल्या, पाट ओढला आणि एक पारी उचलली. त्यांच्या करंजीची मुरड नालवाडीत नावाजलेली होती. दिवाळीत शेजारणी आपल्या पोरींना ती पाहायला पाठवत. अंगठ्याने कड दुमडत, दाबत, पुन्हा दुमडत त्यांनी पारी बंद केली. वेणी घालावी तशी.

“बापरे! माझ्या आईला पण नाही येत एवढं बारीक.”

“मंग! तिले म्हणा, ये वर्धेले. शिकवतो.”

दोघी हसल्या. लग्नाला वर्ष होत आलं होतं. एका पोळपाटाशी त्या आज पहिल्यांदा बसल्या होत्या. उरलेल्या पाऱ्यांना मंदाबाईंनीच मुरड घातली.

“ते तुहे गोल राहू दे बाजूले,” मंदाबाई म्हणाल्या. “आधी हे लाव.”

श्रीधरराव सुनेच्या हातचं खात नसत. तसं त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. जिल्हा परिषदेत नोकरी केलेला माणूस, बोलणं मोजकं. तिने पाण्याचा पेला पुढे केला की ते “ठेव तिथं” म्हणत आणि थोड्या वेळाने बायकोला हाक मारून पाणी मागत. तिच्या नवऱ्याची, देवेंद्रची, सुट्टी संपत आली होती. परवा तो सिलिगुडीला नोकरीवर परत जाणार होता, एकटाच. क्वार्टर मिळेपर्यंत मीराने इथेच राहायचं होतं, या माणसांत.

“एकदा बाबांनी तुझ्या हातचं खाल्लं की विषय संपला,” सकाळी तो तिला म्हणाला होता. “आधी काही सांगायचं नाही. खाऊ दे. मग मीच सांगतो.”

गंजाच्या तोंडाला बांधलेल्या कापडावर तिने मुरडीचे मोमो मांडले आणि वर परात झाकली.

बापलेक वऱ्हांड्यात जेवायला बसले. मीरा दाराआडून भरून देत होती, मंदाबाई वाढत होत्या. श्रीधररावांनी एक मोमो उचलला आणि उलटसुलट करून पाहिला.

“कोणं केले हे?”

“कोणं म्हंजे?” मंदाबाई चटकन म्हणाल्या. “मुरड नाई वळखत का माही?”

त्यांनी तो चटणीत बुडवून खाल्ला. मग दुसरा. मग ताट पुढे केलं. मीराने आतून गरम दिले. देवेंद्र मान खाली घालून भराभर खात होता, कालिम्पोंगला खायचा तसाच.

“लय दिवसानं असं काई खाल्लं,” श्रीधरराव म्हणाले. “खिम्यात काय टाकलं तुनं? वास कायचा हा?”

मंदाबाईंनी वाटीतली चटणी ढवळली. खिमा त्यांनी कालवला नव्हता.

“आलं,” दाराआडून मीरा म्हणाली. “आणि कोबी. मिरं, ताजं कुटून.”

श्रीधररावांचा हात थांबला.

“हिले काऊन माहीत?”

मीराने देवेंद्रकडे पाहिलं. बाबांनी खाल्लं होतं, पोटभर खाल्लं होतं. देवेंद्रने पाण्याचा पेला उचलला, सावकाश रिकामा केला आणि खाली ठेवला.

“जवळच बसली होती ती,” तो म्हणाला. “आईचं पाहून राह्यली होती.”

“असं का.”

श्रीधररावांनी हातातला घास संपवला. मग ते दाराकडे वळले आणि आजवर कधी बोलले नव्हते इतक्या मायेने बोलले.

“चांगलं हाये पोरी. सासूजवळ बसत जा, शिकून घे. पुढल्या खेपेले देवेंद्र आला का त्याले तू करून घालजो.”

“हो, बाबा,” मीरा म्हणाली.

ती मागच्या अंगणात गेली. पोळपाटाच्या कडेला गोल मोमो तसेच पडून होते. त्यांच्या कडा वाळू लागल्या होत्या. चूल विझत आली होती. तिने दोन काड्या सारल्या आणि फुंकर घातली.

थोड्या वेळाने मंदाबाई आल्या. तिच्याकडे न पाहता पाटावर बसल्या. बोटं पाण्यात बुडवून त्यांनी एकेक गोल मोमो हातात घेतला आणि त्याचं उघडं तोंड अंगठ्याने दाबून बंद करत गेल्या.

“सांडंल नाईतर,” त्या म्हणाल्या.