डॉ. सलील प्रतिष्ठान

मयंकने प्रयोगशाळेच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "घ्या, काका. माझ्याच्यानं आता होत नाही."

श्रीपतरावांनी किल्ल्यांना हात लावला नाही. ते सलीलच्या तसबिरीची काच पुसत होते, ती आधी नीट पुसून घेतली.

निजामपुऱ्यातल्या या दोन खोल्यांत डॉ. सलील प्रतिष्ठान चाले. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर म्हाताऱ्याने एकट्याने उभं केलेलं. गरिबाला परवडतील अशी वैद्यकीय यंत्रं इथंच, बडोद्यात बनावीत, एवढा एकच ध्यास. मयंकच्या संशोधनाचा सारा भार प्रतिष्ठानवर होता. गल्लीत श्रीपतरावांना सगळे 'डॉक्टरांचे बाबा' म्हणत.

"चहा घे आधी. बेस ने."

मयंक बसला. कित्येक रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्याच्या डायलिसिस यंत्राच्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला आणि धोक्याचा भोंगा वाजलाच नाही. यंत्रावर असलेल्या मथुराबाई गेल्या. नंदेसरीच्या कारखान्यातून धावत आलेला त्यांचा मुलगा दवाखान्याच्या पायरीवर बसून होता आणि मयंक मागच्या दाराने निघून आला होता.

"आता परदेशी यंत्रं सर्रास यायला लागलीत," तो म्हणाला. "आपलं हवंय कुणाला?"

"ती ज्यांना परवडत नाहीत, त्यांना." श्रीपतराव खुर्चीत टेकले. आवाज दमलेला होता. "सलीलचं यंत्रही असंच दगा देऊन गेलं. त्यावर एक तरणा मुलगा गेला. सलीलने मग हत्यारांना हात लावला नाही. खाणंपिणं सुटलं. वर्षाच्या आत तोही गेला, आणि यंत्र अर्धंच राहिलं. तू तसं नको करू. मथुराबाईंच्या घरी जा. काय चुकलं ते तोंडावर सांग. शिव्या देतील, खा. आणि मग भोंगा दुरुस्त करायला घे."

मयंक उसळला. "तुम्हाला बोलायला काय जातंय, काका? तुमचा मुलगा यंत्र बनवणारा होता. ज्यांच्या घरातलं माणूस जातं ना, ते नाही म्हणत, जा, पुन्हा कामाला लाग म्हणून!"

खाली रस्त्यावरून स्कूटरी जात राहिल्या. चहावर साय धरली.

"सलील माझा मुलगा नव्हता रे," शेवटी श्रीपतराव म्हणाले. "त्याच्या यंत्रावर गेला, तो माझा."